फाट्यावरचा मिस कॉल

मी, संध्या भीमराज खिल्लारे, वय पंचवीस वर्षे, शिक्षण बी.ए., काम वकिलांच्या कार्यालयात टंकलेखनाचे, राहणार धोतरवाडी, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, आज गुरुवार दिनांक २० नोव्हेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. लिहिण्यासाठी मला कोणी धमकावलेले नाही किंवा फूस लावलेली नाही. उलट घरातले सगळे लिहू नको म्हणत आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

लिहिण्याचे कारण असे. येत्या सोमवारी नांदेडला माझ्या डाव्या मांडीतली सळई काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ काम आहे. पण त्यांनी दिलेल्या संमतीपत्रात काय काय होऊ शकते याची यादी होती आणि ती मी पूर्ण वाचली. आमच्या घरात छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी मी पहिलीच. त्याचा त्रासही मलाच होतो.

आई, म्हणजे सौ. भागूबाई, काल म्हणाली, "लग्नाच्या वयात मरणाचे कागद काहून लिहून राहिली?"

मी म्हटले, "ऑफिसात मी आठवड्याला दोन मृत्युपत्रं टाइप करते. लिहिलं म्हणून त्यातलं कोणी मेलं नाही."

"ते म्हातारे असतेत," आई म्हणाली आणि शाळेत खिचडी शिजवायला निघून गेली.

खरे सांगायचे तर मला सोमवारची भीती कमी आणि उद्याची, शुक्रवारची, जास्त आहे. माझा भाऊ दिपक ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा झाला. त्याला पक्के लायसन्स मिळाले. बाबांनी मोटारसायकल आणली आणि ती परवापासून अंगणात उभी आहे. उद्या तो पहिल्यांदा तिच्यावरून हिंगोलीच्या कॉलेजला जाणार आहे. एका बाजूने बेचाळीस किलोमीटर. मी असेन तोवर त्याला अडवीन, समजावीन, भांडेन. मी नसले तर कोण बोलणार? म्हणून खालील तजवीज.

कलम १. स्कूटी. माझ्या नावावरची, माझ्या पगारातून घेतलेली बिनगियरची स्कूटी मी आईला देते. दिपकला नाही. अट अशी की आईने ती चालवायला शिकावी. आई म्हणेल, त्रेचाळिसाव्या वर्षी मला लोकं हसतील. हसू देत. रोज नव्वद लेकरांची खिचडी एका चुलीवर करणाऱ्या बाईला एक गाडी आवरते. माझा हेतू गमतीचा नाही. आमच्या घरात गाडीबद्दल बोलणारे सगळे आहेत आणि चालवता येते ते फक्त मला आणि दिपकला. बाबा गवंडी, आयुष्यभर सायकलवर. आईने हँडलला कधी हात लावला नाही. मुलगा गाडीवर असताना त्याच्या समोर काय येते, दोन्ही हात कशात गुंतलेले असतात, मान वळवायला किती वेळ लागतो, हे ज्याला ठाऊक नाही तो घरी बसून भलतीच काळजी करतो. ती भलती काळजी किती महाग पडली ते कलम ४ मध्ये लिहिले आहे.

कलम २. बँकेतील माझ्या खात्यात जे काही शिल्लक असेल त्यातून आधी दिपकला आणि आईला हिंगोलीच्या एखाद्या नोंदणी असलेल्या ड्रायव्हिंग क्लासला घालावे. उरेल ते बाबांचे. बाबांचे म्हणणे मला तोंडपाठ आहे : "त्याला चालवता येते, मंग क्लास कशाला?" बाबा, तुम्हाला पोहता येते म्हणून तुम्ही दिपकला विहिरीत ढकलून निघून आला नव्हतात. पांगाऱ्याचा हलका ओंडका त्याच्या कमरेला बांधून, दोर धरून, दोन उन्हाळे काठावर उभे राहिला होतात. मला ते आठवते. रस्त्याच्या बाबतीत मात्र तुम्ही किल्ली दिली आणि छाती फुगवून घरात आलात.

कलम ३. मामा. माझे सख्खे मामा तातेराव, धंदा काळीपिवळी जीप चालवणे, यांना मी काही देत नाही. त्यांचे दोन हिशेब मात्र येथे नोंदवते. पहिला, त्यांनी दिपकला तेराव्या वर्षी मांडीवर बसवून जीपचे स्टेअरिंग दिले आणि गावभर सांगितले की भाचा वाघ आहे. वाघाला गियर कळले, पण ब्रेक कधी मारायचा ते कोणी शिकवले नाही. दुसरा, माझा पाय मोडल्यावर दवाखान्यात माझ्या उशाशी उभे राहून ते म्हणाले, "पोरीच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय व्हणार? पुस्तकं वाचून गाडी येत न्हाई." मी त्या वेळी गप्प बसले. का गप्प बसले ते पुढे आहे. ते वाचून मामांना वाईट वाटले तर त्यांनी जीपच्या मागच्या फळीवर माणसे लोंबकळवणे बंद करावे. माझ्या आत्म्याच्या शांतीसाठी दुसरे काही करण्याची गरज नाही.

कलम ४. माझ्याजवळ आणखी एक गोष्ट आहे. ती स्थावरही नाही आणि जंगमही नाही, पण तेरा महिने मी ती सांभाळली आहे आणि आता ज्याची त्याला परत करते.

दिनांक १८ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी स्कूटी मी चालवत नव्हते. दिपक चालवत होता. त्याचे वय सतरा होते. लायसन्स नव्हते. मी मागे बसले होते.

किल्ली मीच दिली, तीही गावाबाहेर आल्यावर. त्या आठवड्यात माझी तलाठी परीक्षा होती आणि सेनगावच्या ऑफिसपर्यंतच्या सात किलोमीटरमध्ये मागे बसून नोट्स वाचता येतील असा माझा हिशेब होता. मी ज्या कार्यालयात काम करते तिथे अपघाताच्या दाव्यांचे कागद मीच टाइप करते. "चालक अल्पवयीन", "परवाना नाही", "विमा देय नाही", ही वाक्ये मी इतक्या वेळा टाइप केली आहेत की बोटे आपोआप चालतात. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर कायदा पालकाला आणि गाडीच्या मालकाला धरतो, हेही मला माहीत होते. मालक मी होते. घरात एकच हेल्मेट होते, ते मी त्याच्या डोक्यावर ठेवले आणि आपण शहाणपणा केला असे समजून नोट्स उघडल्या.

आता मिस कॉलबद्दल. ही रीत आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाली. मी हिंगोलीला कॉलेजात जाऊ लागले तेव्हा घरातून एवढ्या लांब रोज जाणारी मी पहिलीच होते. आई म्हणाली, "फाट्यावर गेली की एक वाजव. सेनगावात एक. नर्सीत एक. उतरली की एक." मी एस.टी.त खिडकीशी बसून एक रिंग द्यायची आणि कट करायची. आई चुलीपाशी तेवढ्यावर समजून घ्यायची की पोरगी कुठवर आली. तीन वर्षे हे बिनबोभाट चालले, कारण एस.टी. चालवणारे दुसरे कोणी होते. नंतर स्कूटी आली. मी गाडी बाजूला थांबवून कॉल द्यायचे. त्यामुळे ती रीत बदलली पाहिजे, हे माझ्याही लक्षात आले नाही. पुढे दिपक कधीमधी गाडी नेऊ लागला आणि आईने त्यालाही तेच सांगितले. एस.टी.त बसणाऱ्या मुलीसाठी केलेला नियम आम्ही हँडल धरणाऱ्या मुलाला लावला.

उशीर झाला तर आई स्वतः फोन करायची. उचलला नाही तर बाबांना सांगायची, मग बाबा करायचे, मग मामा. म्हणून दिपक कधीच उशीर होऊ द्यायचा नाही. फाटा दिसायला लागला की त्याचा डावा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा.

त्या दिवशी फाट्याच्या अलीकडे कोणीतरी अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातले होते. दरवर्षी घालतात. समोरून ट्रॅक्टर आला. दिपकचा एक हात हँडलवर होता, दुसऱ्यात फोन. गाडी सोयाबीनवर गेली आणि चाक दाण्यांवरून सरकले. मला आठवते ते एवढेच की मी रस्त्यावर पडले होते, माझ्या नोट्स शेंगांवर पसरल्या होत्या, आणि दिपकच्या हातातला फोन तसाच होता. आईचा नंबर लागला होता. आईने रिंग ऐकली, कट झाल्याची वाट पाहिली, तो कट झालाच नाही, म्हणून तिने उचलला आणि म्हणाली, "पोचलात का रे फाट्यावर?"

दिपक म्हणाला, "व्हय, पोचलो."

मग तो रडायला लागला. मी त्याला म्हटले, "गाडी मी चालवत होते. कुत्रं आडवं आलं. कळलं?" तो म्हणाला, "ताई, खोटं काहून?" मी म्हटले, "बाबांना पोलिसात उभं करायचंय का?" दवाखान्यात, घरी, गावात मी तेच सांगितले. दुसऱ्या कोणाला लागले नव्हते, त्यामुळे कोणी खोलात गेले नाही. पायात सळई पडली, परीक्षा हुकली, आणि संध्याला गाडी येत नाही हे गावात पक्के झाले. मेकॅनिक अशफाक याने गाडी दुरुस्त करताना मला एकदा विचारले, "ताई, मागचा फूटरेस्ट तुमच्या पायासकट वाकलेला हाय. मंग पुढं कोण व्हतं?" मी दुरुस्तीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्याने पुन्हा विचारले नाही.

मला वाटत होते की मी घर वाचवले. पण खोट्याने एकच झाले. आईला कधी कळलेच नाही की गाडी कुत्र्यामुळे नाही तर तिला द्यायच्या रिंगमुळे पडली. त्यामुळे ती रीत तशीच राहिली. परवा मोटारसायकलला हार घालताना आई दिपकला म्हणाली, "फाट्यावर गेला की एक वाजव, बेटा." मी पाहिले, दिपकने मान हलवली आणि माझ्याकडे बघितले नाही.

कलम ५. आईबाबांसाठी सूचना. यांतली एकही पाळली नाही तरी कोर्ट काही करू शकत नाही, हे मला माहीत आहे.

दिपक रस्त्यावर असताना त्याला फोन करू नये. त्यानेही करू नये. पोचल्यावर, गाडी स्टँडवर लावून, एकदा.

घरातून निघताना "लौकर ये" म्हणणे बंद करावे. आमच्याकडे हे निरोप घेण्याचे वाक्य झाले आहे, पण अठरा वर्षांचा मुलगा ते ऐकतो आणि खरेच लवकर येतो.

बाबांनी निदान दोन महिने, जमेल त्या दिवशी, त्याच्या मागे बसावे. चूक दिसली तर चालू गाडीवर ओरडू नये. थांबल्यावर बोलावे. बाबा, तुम्हीही हेल्मेट घालायचे. तुम्ही मामांच्या जीपच्या फळीवर लोंबकळत लांबच्या कामाला जाता आणि घरी येऊन त्याला जपून चालव म्हणता. तो तुमचे ऐकत नाही, तुम्हाला बघतो.

तिघांनी बसू नये. मित्रांना घेऊन जाणे पहिले वर्षभर नाही. अंधार पडायच्या आत घरी, आणि अंधार पडलाच तर हिंगोलीत मावशीकडे राहावे, त्यावरून कोणी टोमणे मारू नयेत. शेवटचे आणि माझ्या दृष्टीने मोठे : तो कधी म्हणाला की आज मला गाडी चालवायची भीती वाटते, झोप येते, किंवा ज्याच्यासोबत आलो तो प्यायला आहे, तर ज्याला मिळेल त्या गाडीने जाऊन त्याला आणावे आणि त्या दिवशी एक शब्द विचारू नये. लेकराला घरच्या रागाची भीती रस्त्यापेक्षा जास्त वाटली की ते रस्ता निवडते. दिपकने तेच केले होते. मीही तेच केले.

कलम ६. माझी पुस्तके बुद्धविहारातल्या वाचनालयाला द्यावी. पदवीचे प्रमाणपत्र बाबांकडे राहील. ते त्यांनी कपाटातल्या सिमेंटच्या पावत्यांखाली ठेवू नये. नवीन कपडे मावशीच्या मुलीला. माझ्या दिवसांचे जेवण साधे करावे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारच्या खुर्शीदबी यांनी करावी. त्या शिवणकाम करतात आणि गावात त्यांना उलट बोलण्याची कोणाची हिंमत नाही, तातेराव मामांचीसुद्धा.

येथपर्यंत गुरुवारी दुपारी लिहिले. पुढील मजकूर शुक्रवार दिनांक २१ नोव्हेंबर रोजी सकाळी लिहीत आहे. काल संध्याकाळी जे घडले ते लिहिल्याशिवाय सही करणे मला बरोबर वाटत नाही.

काल संध्याकाळी खुर्शीदबी आणि अशफाक साक्षीदार म्हणून आले. मी सांगितले की मजकूर वाचायची गरज नाही, फक्त माझी सही बघायची आणि तुमची करायची. खुर्शीदबींनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "काय हाय त्यात?"

"दिपकच्या गाडीबद्दल आहे. मी गेल्यावर वाचायचं आहे."

"दिपक गाडी कवा नेणार?"

"उद्या."

"मंग तू मरेपर्यंत आमी थांबायचं काय? तकलीफ उद्याची हाय तर कागद आजच वाच. बराबर बोलून राहिले ना रे अशफाक?"

अशफाक म्हणाला, "खाला, मला तर फूटरेस्टवरूनच कळलं व्हतं."

बाबांनी विचारले, "काय कळलं व्हतं?"

आता मागे फिरता येत नव्हते. आई भाकरी थापत होती, बाबा पाय धुऊन बसले होते, दिपक मोटारसायकल पुसत होता. मी त्याला आत बोलावले आणि कलम ४ मोठ्याने वाचले. रिंगबद्दलचा भाग आला तेव्हा मी आईकडे बघितले नाही.

बाबा पहिल्यांदा दिपकवर धावले. खुर्शीदबी मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मारायचं तर मला मार भीमराज. लेकरू तेरा महिने घाबरून राहिलं, अजून किती घाबरवतो?" बाबा खाली बसले. मग म्हणाले, "म्हंजे पोरगी गावात नावं ठेवून घेत राहिली, अन् मी तातेरावसमोर मान डोलवत राहिलो." तव्यावरची भाकरी करपली.

आई उठली, भाकरी काढली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग मला कसं कळावं, लेकरू कुठवर आलं म्हून?"

मी एवढ्या सूचना लिहिल्या होत्या, त्यात हे कुठेच नव्हते. शेवटी दिपक म्हणाला, "आई, तुला कळणार न्हाई. पोचल्यावरच कळंल. मधातलं काहीच कळणार न्हाई."

"ते कसं सोसावं?"

"ते मला न्हाई माहीत," तो म्हणाला.

बाबा म्हणाले, "उद्या स्लॅबच्या कामाला जात न्हाई. मी मागं बसतो. येताना एस.टी.नं येईन." आईला एवढेच हवे होते. ती म्हणाली, "मंग मी तुमाला करते फोन, तुमी तर मागं रिकामेच." दिपकने मान हलवली. "बाबांचा फोन वाजला तरी माझं ध्यान जातं. आपल्या घरच्या रिंगची मला सवय लागलीय, आई. ती वाजली की माझा हात खिशाकडं जातोच." तेव्हा आईने पदर तोंडाला लावला.

काल सही राहिली. आज सकाळी साडेआठला दोघे निघाले. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते, बाबांचे अशफाकने आणून दिले. आईच्या तोंडात "लौ" आले आणि तिने ते गिळले. म्हणाली, "ये रे." गाडी वळणापलीकडे गेल्यावर आवाज थोडा वेळ ऐकू आला, मग तोही गेला.

आता मी हे ओसरीवर बसून लिहीत आहे. आईने आज शाळेत खिचडीसाठी दुसऱ्या बाईला पाठवले. तिचा फोन चटईवर पुढे ठेवला आहे. एव्हाना फाटा गेला असेल. एव्हाना सेनगाव. फाट्यावर अजून सोयाबीनचे काड पडलेले असते. आईने दोन वेळा फोन उचलला, काच पदराने पुसली आणि खाली ठेवला. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा सहीसाठी परत आलेल्या खुर्शीदबींनी तो हात स्वतःच्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला आहे. मलाही माझ्या फोनची आठवण होते आहे. मी तो उशीखाली ठेवला आहे.

पोचायला पावणेदहा व्हावेत. आता नऊ वाजून त्रेपन्न मिनिटे झाली आहेत. नर्सीजवळ रस्त्याचे काम चालू आहे, त्यामुळे उशीर होऊ शकतो. होऊ शकतो एवढेच मला माहीत आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. कलम ४ मी हयात असतानाच उघड झाले असल्यामुळे त्याची अंमलबजावणी माझ्या मृत्यूवर अवलंबून नाही. ती आजपासून सुरू आहे.

ठिकाण : धोतरवाडी, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार
वेळ : सकाळी ९ वाजून ५६ मिनिटे

सही
संध्या भीमराज खिल्लारे

आम्ही खाली सही करणारे असे लिहून देतो की संध्या हिने आमच्या डोळ्यांदेखत सही केली व तिच्यासमोर आम्ही केली. त्या वेळी घरात आम्ही दोघे, संध्या व तिची आई अशी चार माणसे होती आणि चौघांजवळ मिळून चार फोन होते. साडेआठपासून आतापर्यंत त्यातल्या एकाही फोनवरून रस्त्यावर कॉल गेलेला नाही. तिकडूनही अजून आलेला नाही.

साक्षीदार
१. खुर्शीदबी शेख, शिवणकाम, रा. धोतरवाडी
२. अशफाक पठाण, दुचाकी दुरुस्ती, रा. धोतरवाडी